वणवा जवळ आला तर घर सोडायचं की थांबायचं? सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोणमधून सारखे येणारे प्रश्न

काजूचा सीझन सुरू झाला की गोव्यात हे प्रश्न दरवर्षी येतात, आणि मार्च २०२३ नंतर तर जास्तच. त्या वर्षी ५ मार्चपासून म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर एकामागून एक आगी लागत गेल्या, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर पाणी टाकायला आणावी लागली, आणि वाड्यावाड्यांवर लोक रात्री अंगणात उभे राहून एकच विचारत होते, निघायचं की थांबायचं. माझं घर सत्तरीत डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे हा प्रश्न माझाही आहे. लोकांनी पाठवलेले प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एकाचं उत्तर दुसरीकडे आलेलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. डोंगरावर वणवा दिसला की लगेच घर सोडायचं का?

नाही, दिसला म्हणून लगेच नाही. पण दिसला की त्याच मिनिटाला तीन गोष्टी बघायच्या: आग तुमच्या घराच्या वर आहे की खाली, वारा कुठून कुठे चाललाय, आणि घर ते आग या मध्ये सलग सुकं गवत-पातेरा (गळलेला पाला) आहे की मध्ये रस्ता, कुळागर (शिंपणाची सुपारी-नारळाची बाग), नदी असं काही आडवं येतं. आग खाली असेल, वारा तुमच्याकडे असेल आणि मध्ये नुसतं सुकं रान असेल तर म्हातारी माणसं आणि मुलं लगेच हलवा, बाकीचे तयार राहा. आग वर असेल, मध्ये कुळागर असेल तर बहुतेक वेळा घरी थांबून लक्ष ठेवलं तरी चालतं. आणि काही झालं तरी आधी १०१ किंवा ११२ ला फोन करायचा, दुसऱ्या कोणीतरी केला असेल असं धरून चालायचं नाही.

२. टीव्हीवर कॅलिफोर्नियात अख्खं गाव जळताना दाखवतात, आपल्याकडे असं होतं का?

आपल्याकडची आग बहुतेक जमिनीवरून चालते. पातेरा, सुकं गवत, करवंदीची झुडपं जळत पुढे सरकते, झाडांच्या शेंड्यावरून धावणारी आग पश्चिम घाटाच्या ओलसर रानात फार कमी. तिकडे पाइनसारखी तेलकट झाडं, महिनोन् महिने पाऊस नाही, वर सोसाट्याचा वारा. पॅराडाइझ नावाचं गाव ८ नोव्हेंबर २०१८ ला काही तासांत गेलं, त्या आगीत ८५ माणसं मेली. तेवढा वेग आपल्याकडे नसतो. पण म्हणून निष्काळजी राहू नका, सड्यावरचं (उघड्या कातळपठारावरचं) सुकं गवत मात्र पेटलं की माणसाच्या पळण्यापेक्षा जोरात धावतं, आणि चढावर तर आणखी. साधारण हिशोब असा की उतार १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकिंगला गेलेले वीसहून जास्त लोक गेले ते अशाच सुक्या गवताच्या चढावर.

३. नेमकं किती जवळ आली की निघायचं? एक आकडा सांगा ना.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण एक किलोमीटर अंतर सपाट कुळागरातून वेगळं आणि सड्यावरच्या गवतातून वेगळं. त्याऐवजी वेळ मोजा. तुमच्या घरातली सगळी माणसं, आजी धरून, घराबाहेर पडून सुरक्षित जागी पोचायला किती वेळ लागतो? एकदा खरंच करून बघा. आम्ही केलं तेव्हा वाटलं होतं दहा मिनिटं, लागली पस्तीस, कारण आजीला पायऱ्या उतरवायच्या, तिची औषधं सापडेनात, गाडीसमोर दुसरी गाडी लावलेली. आता त्या वेळेच्या निदान दुप्पट वेळ हातात असतानाच निघायचं.

आणि खूण आधीच ठरवून ठेवा. आमच्या वाड्यावर ठरलंय की समोरच्या डोंगराच्या मधल्या धारेवरून आग अलीकडे उतरली की म्हातारी माणसं, मुलं, गरोदर बाई निघणार, तेव्हा चर्चा नाही. अशी खूण प्रत्येक घराची वेगळी असणार, कोणाची पाण्याची टाकी, कोणाची विजेची लाइन, कोणाचा मांगर (बागेतली खोपी). शांत डोक्याने जानेवारीतच ठरवा, कारण धुरात उभं राहून घरातल्या चार माणसांचं एकमत कधीच होत नाही.

४. लवकर निघून गेलो आणि आग आलीच नाही तर? लोक हसतील.

हसू देत. एक रात्र मावशीकडे झोपून आलात, एवढंच झालं. उलट बाजू बघा. वणव्यात माणसं मरतात ती बऱ्याचदा ‘थोडा वेळ बघूया’ म्हणून थांबून मग शेवटच्या क्षणी पळताना. पोर्तुगालमध्ये जून २०१७ ला पेद्रोगाओ ग्रांदेच्या आगीत ६६ जण गेले, त्यातले कितीतरी रस्त्यावर, गाड्या घेऊन निघालेले. म्हणून माझं म्हणणं साधं आहे, जायचं तर लवकर जा, आणि लवकर जायची वेळ टळली असेल तर धुरातून गाडी काढण्याआधी दहादा विचार करा, तेव्हा घर किंवा मोकळं मैदान जास्त सुरक्षित असू शकतं (११ आणि १२ बघा).

५. निघायचा आदेश कोण देतं? कोणी सांगायला आलंच नाही तर?

अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, प्रत्यक्षात मामलेदार, पोलीस, अग्निशामक दल, वन खात्याचे लोक आणि पंच यांच्याकडून निरोप येतो. कॅलिफोर्नियात आधी सूचना मग आदेश, तेही झोन पाडून मोबाइलवर येतं, तशी झोनवार पद्धत आपल्या वाड्यांसाठी नाही, त्यामुळे निरोपाची वाट बघत बसू नका. निरोप आला नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, डोंगरात रेंज नसते, जीप दुसऱ्या टोकाला गेलेली असते. वाड्यावरच्या दोन-तीन जणांनी ठरवून घरोघरी जायचं, आणि ज्या घरात फोन उचलत नाहीत तिथे आधी.

६. आदेश आला तरी नाही गेलो तर चालेल का? घर माझं आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५१ मध्ये अधिकृत सूचना न पाळल्यास शिक्षेची तरतूद आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत. पण कायद्यापेक्षा महत्त्वाचं हे की तुम्ही थांबलात तर तुम्हाला शोधायला कोणाचा तरी मुलगा धुरात परत येणार. आदेश आला की निघा.

७. सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांना कसं न्यायचं? आणि बाळ सहा महिन्यांचं आहे.

अशा घरासाठी ‘थांबायचं का’ हा प्रश्नच नाही, तुमचं घर सगळ्यांच्या आधी निघणार. आग दिसल्यावर नाही, आग लागायचे दिवस आले की तयारी हवी. सासऱ्यांना उचलायला चार माणसं कोण, ते आत्ताच नावानिशी ठरवा. खुर्ची किंवा जाड चादरीची झोळी चालते. ॲम्ब्युलन्स १०८ ला फोन करा पण त्या एकाच आशेवर राहू नका, त्या दिवशी ती दुसरीकडे असू शकते. दमा, हृदयविकार, गरोदरपण, लहान बाळ, यांना आगीच्या आधी धूर गाठतो, त्यामुळे आग दोन डोंगर पलीकडे असली तरी हवा जड वाटायला लागली की त्यांना वाळपई, फोंडा, जिथे नातेवाईक असतील तिकडे पाठवा.

८. आम्ही तरुण आहोत, थांबून घर वाचवायचं म्हणतो. घर तयार आहे हे कसं कळणार?

ऑस्ट्रेलियात पूर्वी लोकांना सांगायचे की तयारी करून थांबा आणि घर राखा, नाहीतर लवकर निघा. ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली, त्यातली बरीच घरातच, आणि मग तिथेही लवकर निघणं हेच सगळ्यात सुरक्षित असं ठासून सांगायला लागले. त्यांच्याकडे पंप, पाइप, ट्रेनिंग सगळं असून. तेव्हा थांबायचं ठरवण्याआधी हे लक्षात घ्या.

तरीही आपल्या जमिनीवरच्या आगीत साफ केलेलं घर बहुतेक टिकतं, हे पण खरं. घर बहुतेक वेळा ज्वाळेने पेटत नाही, उडत आलेल्या ठिणगीने पेटतं, आणि ती ठिणगी पडते पागोळीत साचलेल्या पातेऱ्यावर, पडवीतल्या माडाच्या चुडतांवर (झावळ्यांवर), भिंतीला टेकून रचलेल्या लाकडांवर. भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळेल असं काहीही नको, पायपुसणं, प्लास्टिकच्या खुर्च्या, झाडू सुद्धा नको. दहा मीटरपर्यंत गवत कापलेलं, पातेरा गोळा केलेला, झाडांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या. चढावर घर असेल तर उताराच्या बाजूला याच्याहून जास्त. पेंढ्याची रास, सोडणांचा (नारळाच्या सालींचा) ढीग घरापासून लांब.

हे सगळं आग लागायच्या आधी झालेलं असेल, पाणी असेल (१० बघा), अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बूट असतील, निदान दोन धडधाकट माणसं असतील आणि घरात दुसरं कोणी नसेल, तरच थांबायचा विचार करा. यातलं एक जरी नसेल तर निघा. नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे घालून आगीजवळ जाऊ नका, ते वितळून अंगाला चिकटतात.

९. आमचं जुनं कौलारू घर आहे, स्लॅबचं घर जास्त सेफ का?

कौल जळत नाही, पण दोन कौलांच्या फटीतून ठिणगी आत जाते आणि खाली वासे, रिपा, आणि माळ्यावर आपण काय काय ठेवलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहेच, पेंढा, करट्या, जुने कागद, मोडकी खाट. कौलारू घरात माळा रिकामा करणं हे सगळ्यात मोठं काम. आग निघून गेल्यावर दोन-तीन तास माळ्यावर चढून टॉर्चने बघत राहायचं, घरं कधी कधी आग गेल्यानंतर पेटतात. स्लॅबचं घर बरं, पण त्याच्यासमोर पत्र्याची शेड आणि शेडला हिरवी जाळी असेल तर ती जाळी आधी काढा.

१०. विहिरीला भरपूर पाणी आहे, पंप आहे, मग भीती कशाची?

वीज. आग लाइनखाली आली की सप्लाय बंद करतात किंवा तारा तुटतात, आणि पंप नेमका तेव्हा बंद पडतो. विहिरीतलं पाणी तेव्हा दोरी-कळशीने काढावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला किती कळशा ओढता येतील? त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये वरची टाकी कायम भरलेली, दोन-तीन ड्रम अंगणात, बादल्या, गोणपाट भिजवायला ठेवलेलं. पाण्याचा उपयोग वणव्यावर ओतायला नाही, घरावर पडलेल्या ठिणग्या विझवायला करायचा.

११. गावाला रस्ता एकच आहे आणि आग त्याच रस्त्यावर आहे.

मग तो रस्ता नाही असं समजा. पलीकडे काय आहे ते धुरात दिसत नाही, मध्ये झाड पडलेलं असेल, समोरून बंब येत असेल, घाटातल्या वळणावर दोन गाड्या अडकल्या की संपलं. अशा वाड्यांनी गावातच एक जागा ठरवून ठेवायची. पोर्तुगालने २०१७ नंतर हेच केलं, २०१८ पासून गावागावात आसऱ्याची जागा आणि निघायच्या वाटा ठरवायचा कार्यक्रम चालवला. आपल्याकडे अशी जागा म्हणजे देवळासमोरचं मोकळं फरसबंद आवार, शाळेचं मैदान गवत काढलेलं असेल तर, ओली वायंगण (उन्हाळी भाताची) शेती, नदीचं वाळूचं पात्र, आणि कुळागर, कारण तिथे रोज शिंपणं असतं आणि जमीन ओली असते.

गाडीत असताना आग समोर आलीच तर गाडी उघड्या जागी, झाडं-गवतापासून लांब लावा, काचा पूर्ण वर, दिवे चालू, सीटच्या खाली वाका, सुती किंवा लोकरी चादर अंगावर घ्या. गवताची आग बहुतेक लवकर पुढे निघून जाते. गाडीतून उतरून पळू नका, उष्णतेची झळच माणसाला आधी मारते. दुचाकीवर असाल तर हा आसरा नाही, म्हणून आगीच्या दिवसांत धुराच्या दिशेने स्कूटर घेऊन बघायला जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

१२. रानात काजू वेचताना अडकलो तर विहिरीत किंवा ओहोळात उतरायचं का?

दोन्ही नाही. विहिरीत धूर आणि विषारी वायू बसतो, वर काढायला कोणी नसतं. ओहोळ मार्चमध्ये सुका, पातेऱ्याने भरलेला असतो, आणि दोन्ही बाजूंच्या चढामुळे धुराडं होतं, आग त्यातून वर ओढली जाते. खाली उतारावर आणि आगीच्या वाटेतून बाजूला सरका, वर चढून कधीच आगीशी शर्यत लावू नका. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे आधीच जळून काळी झालेली जमीन, ज्वाळा गुडघ्याखाली असतील आणि पलीकडे काळं दिसत असेल तर तिकडे जाता येतं. तेही नसेल तर उघडी चिरेखाण, रुंद रस्ता. तोंड जमिनीकडे, उघडी कातडी झाकलेली.

१३. बाबा ऐकत नाहीत, काजूची बाग पेटली की कोयता घेऊन धावतात.

त्यांना चूक म्हणवत नाही. वीस वर्षं वाढवलेली कलमं डोळ्यासमोर जळताना माणूस घरात बसू शकत नाही, आणि वर्षाचे पैसे त्या बागेतच असतात. पण अट घाला: एकटे नाही, पूर्ण कपड्यांत, ज्वाळा गुडघ्यापेक्षा उंच असतील तर हात लावायचा नाही, आणि परत यायची वाट पाठीमागे कायम मोकळी. हिरव्या फांद्यांनी कडेकडेने, मागून विझवत यायचं, आगीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. वन खात्याचे लोक ब्लोअर घेऊन आले की त्यांचं ऐकायचं. बागेला राखायचं खरं काम जानेवारीत होतं, बागेच्या कडेने जाळरेषा म्हणजे पातेरा पूर्ण झाडून काढलेला पट्टा. बागेसाठी घरचं माणूस गमावलेलं घर मी पाहिलंय, तिथे बाग परत उभी राहिली तरी कोणी काजू वेचायला जात नाही.

१४. आपणच समोरून आग लावून वणवा थांबवता येतो म्हणतात?

ट्रेनिंग घेतलेली टीम करते ते. तुम्ही लावलेली आग वारा फिरला की शेजाऱ्याच्या वाड्यावर जाते. वर अभयारण्यात आग लावणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, हेतू चांगला होता म्हणून सुटका नाही. आपल्याकडच्या वणव्यांचं मूळ जवळजवळ नेहमी माणूसच असतो, बाग साफ करून जाळलेला पातेरा, विडी, शिकारीसाठी लावलेली आग. नवीन भर नको.

१५. गुरं आणि कुत्रा?

दावं सोडा. दावं सुटत नसेल तर कापा. गोठ्याचं दार उघडून गुरांना ओल्या शेताकडे किंवा जळलेल्या बाजूला हाका, आणि मागून दार लावा, कारण घाबरलेलं गुरू सवयीने परत गोठ्यात शिरतं. वेळ असेल तर म्हातारी माणसं निघतात तेव्हाच गुरं पुढे काढा, शेवटी ठेवू नका. कुत्रा-मांजर सोबत न्या. आणि त्या दिवसांत रानातून साप, गवे, सांबर खाली येतील, त्यांना वाट द्या, मोबाइल घेऊन समोर उभे राहू नका.

१६. आग लांब आहे, रात्र झाली, झोपायचं का?

सगळ्यांनी एकदम नाही. दिवसा वारा दरीतून वर चढतो, रात्री थंड हवा डोंगरावरून खाली उतरते, त्यामुळे संध्याकाळी वर जाणारी आग मध्यरात्री तुमच्याकडे सरकू शकते. रात्री बहुतेक तिचा जोर कमी होतो हे खरं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वारा सकाळी उशिरापर्यंत कोरडा वाहतो आणि खारा (समुद्राकडून येणारा) वारा दुपारी उशिरा येतो, त्या दिवसांत सकाळी नऊ-दहानंतर आग परत जोर धरते. पाळी लावा, दोन-दोन तास एकेक घर जागं. फोन चार्ज, गाडी बाहेरच्या दिशेने तोंड करून.

१७. आग नाही, नुसता धूर आहे. खिडक्या बंद करून बसलं तर चालेल?

धडधाकट माणसांना काही तास चालतं. खिडक्या-दारं बंद, फटीत ओलं फडकं, घरात चूल-उदबत्ती-तळण नको. तोंडाला ओला रुमाल बांधतात त्याने बरं वाटतं पण बारीक कण अडत नाहीत, एन-९५ मास्क लागतो. कौलारू घरात धूर वरून येतोच, त्यामुळे दोन दिवस तसंच राहिलं तर दुसरीकडे जा. दम्याच्या माणसांचं ७ मध्ये सांगितलंय.

१८. सॅटेलाइटवर आग दिसते ना, मग ते बघून ठरवता येईल?

वन सर्वेक्षण संस्थेच्या अलर्टसाठी मोबाइल नंबर नोंदवता येतो, आणि नासाच्या नकाशावरही ठिपके दिसतात, जरूर बघा. पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो, मधले तास आंधळे. एक ठिपका म्हणजे जवळपास पावणेचारशे मीटरचा चौकोन, उपग्रहावरच्या जुन्या मोडिस उपकरणाचा तर एक किलोमीटरचा. दाट झाडाखालची बारीक आग सुटते. म्हणजे आग कुठल्या भागात आहे ते कळतं, तुमच्या घरामागे आहे की नाही ते कळत नाही. त्याला डोळे आणि शेजारच्या वाड्यावरचा फोनच लागतो.

१९. निघताना काय घ्यायचं?

औषधं, चष्मा, आधार आणि जमिनीचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, चार्जर, पाणी, टॉर्च, रोख पैसे. ही पिशवी काजू सीझनभर दाराजवळ टांगलेली हवी. गॅसचा रेग्युलेटर काढा, सिलिंडरला टोपी लावा, दारं-खिडक्या बंद करा, शेजाऱ्याला सांगून निघा की आम्ही निघालो, म्हणजे नंतर कोणी शोधायला येणार नाही.

२०. परत कधी यायचं, आणि जळलेल्या बागेचं नुकसान कसं मागायचं?

अग्निशामक किंवा वन खात्याच्या माणसाने सांगितल्यावर. आग विझल्यासारखी दिसली तरी जुने बुंधे, वारुळं, मुळं आतून दोन-तीन दिवस धुमसतात, आणि आतून जळलेलं झाड वारा नसताना पडतं. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका. मुलांना चार दिवस बागेत सोडू नका, राखेखाली निखारे असतात.

नुकसानीसाठी काहीही साफ करायच्या आधी फोटो काढा, झाडं मोजा, तलाठ्याला आणि विभागीय कृषी कार्यालयाला लगेच लेखी कळवा आणि पंचनामा करून घ्या, अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. आमच्या शेजाऱ्यांनी आधी जळकी झाडं तोडून लाकूड विकलं, मग पंचनाम्याला दाखवायला काही उरलं नाही, आणि दोन वर्षं फेऱ्या मारून शेवटी त्यांनी नाद सोडला.